वाई–पाचगणी रोजचा घाट आणि गावातली कामं: ई-स्कूटर घ्यावी की ई-सायकल?

पायथ्याची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

घर वाईत, नोकरी पाचगणीच्या एका निवासी शाळेत. म्हणजे सकाळी पसरणी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. एका बाजूने साधारण १२ किमी. एसटी आहे, पण मे महिन्यात आणि सलग सुट्ट्या आल्या की दांडेघर नाक्याच्या आधीच गाड्यांची रांग लागते आणि बस त्यात अडकते. सध्याची पेट्रोल स्कूटर बरीच जुनी झाली आहे. घाटात मागे कोणी बसलं तर वळणावर जीव मुठीत धरावा लागतो.

नोकरीखेरीज घरची कामं: दळण, मंडई, मुलाला क्लासला सोडणं, आणि अधूनमधून मेणवलीला सासूबाईंकडे चक्कर. चार्जिंगसाठी वाड्याच्या पडवीत प्लग आहे. बजेट सव्वा लाखापर्यंत, थोडं इकडेतिकडे चालेल.

यजमानांचं म्हणणं ई-स्कूटर घे. माझ्या मनात ई-सायकल आहे, कारण व्यायामही होईल आणि लायसन-विमा काही लागत नाही. एका दुकानदाराने तिसरंच सुचवलं: "आरटीओ पासिंग नको" अशी छोटी स्कूटर, किंमत जवळजवळ निम्मी.

घाटात रोज ई-वाहन चालवणाऱ्यांनी कृपया लिहावं. जाहिरातीतले किलोमीटर वाचून झाले आहेत.

विद्युल्लता_नव्हे_विद्युतमंडळी

आधी ती तिसरी स्कूटर बाजूला काढा. मोटार वाहन नियमांत जी बॅटरीवरची गाडी "मोटार वाहन" धरली जात नाही, तिच्या मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत हवा. आरटीओ, लायसन नको म्हणतात ते एवढ्याचसाठी. आता ही ताकद घाटावर टाकून बघू.

गाडी, तुम्ही आणि पिशवी मिळून १५० किलो धरा. घाटातल्या खड्या टप्प्यावर रस्त्याचा चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. एवढं वजन वर ओढायला, टायरचं घर्षण धरून, साधारण १४० न्यूटन जोर लागतो. २५० वॅटमध्ये वेग किती मिळेल? ताशी साडेसहा किमी. भरभर चालणारी बाई तुमच्या बरोबरीने येईल.

दुकानदार यावर म्हणेल, "ताई, कागदावर २५०, आत मोटर मोठी आहे." तसं असेल तर ती गाडी कायद्याने मोटार वाहन झाली आणि तुमच्याकडे ना नोंदणी, ना विमा. घाटात कोणाला धक्का लागला तर कोण निस्तरणार?

तात्या_कृष्णाकाठ

ताई, मी पसरणीचाच. घाट चढायची काळजी करू नका, उतरायची करा. पोरं उतरताना ब्रेक दाबून धरत्यात, खाली येईस्तोवर ड्रमचा वास सुटतोय. आणि माकडांचा बंदोबस्त करा. डिकीत खाऊ असला की त्यांना आधी कळतंय. आमच्या पाहुण्याच्या नव्या गाडीची सीट फाडली.

सायकलस्वार_बावधन

मी पुण्यात बावधनहून रोज ई-सायकलने ऑफिसला जातो, त्यामुळे सायकलची बाजू मांडतो. पाषाण-बावधनचे चढ छोटे पण खडे आहेत. माझी सायकल मागच्या चाकात २५० वॅटची मोटर, ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी अशी आहे. म्हणजे ३६० वॅट-तास. सात गिअर.

आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकली याच जातीच्या आहेत, पुण्यातली ईमोटोरॅड घ्या की हीरो लेक्ट्रो. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. चाकातल्या मोटरला तुमच्या गिअरचा काही उपयोग होत नाही. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये पाय भराभर मारता, पण मोटर चाकाच्याच वेगाने फिरते. खड्या चढावर चाक हळू झालं की मोटरमध्ये गेलेली वीज गाडी ओढण्यापेक्षा तापण्यात जास्त खर्च होते. दोन-तीन मिनिटांचा चढ असेल तर काही फरक पडत नाही. सलग १२ किमी चढायचं असेल तर पडतो.

दुसरं, नुसतं थ्रॉटल पिळून वर जायचा विचार असेल तर ई-सायकल घेऊ नका. घाटात पाय मारावेच लागतात. मारले तर मात्र मजा आहे. शाळेत घाम गाळून पोचलात तरी दमून पोचणार नाही, हा फरक फार मोठा आहे.

विद्युल्लता_नव्हे_विद्युतमंडळी

> सलग १२ किमी चढायचं असेल तर पडतो

बरोबर. हिशोबच मांडतो. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १,२९० च्या आसपास. चढ साधारण ५७५ मीटर धरू. १२ किमीत एवढा म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या जरा खाली. इंग्रजी अमदानीत आखलेले घाटरस्ते असे दमादमाने चढतात, गावातल्या बोळाचा चढ यापेक्षा खडा असतो.

ई-सायकल: सायकल, तुम्ही आणि बॅग मिळून ९० किलो. ५७५ मीटर उचलायला १४० वॅट-तास, टायर आणि हवेसाठी ४० धरा. एकूण १८०. यातला तिसरा हिस्सा तुमच्या पायांनी दिला तर मोटरकडे १२० उरले. चाकातली मोटर हळू चालताना वाया घालवते ते धरून बॅटरीतून १७० च्या आसपास जातील. ३६० ची बॅटरी असेल तर वर पोचल्यावर निम्मी शिल्लक. वेळ ५० मिनिटं ते एक तास.

ई-स्कूटर: सगळं मिळून १९० किलो. उचलायला ३०० वॅट-तास, मोटर-कंट्रोलरमधली तूट आणि सरळ रस्त्याचा खर्च धरून वर जायला पाऊण युनिटच्या आत (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास). उतरताना जवळजवळ काही नाही. म्हणजे ३ युनिटची बॅटरी असेल तर रोजचं जाणं-येणं एक युनिटच्या आसपास. रेंजचा प्रश्न तुम्हाला नाहीच. शंभर किमी की दीडशे किमी, ही चर्चा तुमच्यासाठी फुकट आहे. त्यासाठी मोठ्या बॅटरीचे जादा पैसे भरू नका.

तुम्ही बघायचं ते मोटरची *सलग* ताकद. ८ टक्के चढावर ताशी ३५ किमीने एकट्याला २ किलोवॅट लागतात, डबलसीट असाल तर अडीचच्या वर. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा असतो "पीक", तो काही सेकंदांचा. खाली बारीक अक्षरात "रेटेड" किंवा "कंटिन्युअस" असतो, तो वाचा. तो ३ किलोवॅटच्या घरात असेल तर घाट निर्धास्त.

मनवा_दापोली

इथे दापोलीत मी ई-स्कूटर वापरते, त्यामुळे लिहिते. दापोली वर, हर्णै बंदर खाली. मासे आणायला उतरायचं आणि वजन घेऊन चढायचं. चढण्याबद्दल तक्रार शून्य. पेट्रोल स्कूटर जिथे रडायची तिथे ही गुपचूप चढते, कारण मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो.

पण एक सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा माझ्याकडे ही गाडी नव्हती म्हणून बरं. आता घरात ई-स्कूटर आहे पण यजमानांची पेट्रोल बाईक आम्ही मुद्दाम ठेवली आहे. दोन्ही गाड्या विजेवरच्या करायची घाई कोकणात तरी करू नये. वाईत एवढं नसेल, तरी पावसाळ्यात झाडं पडतातच.

पायथ्याची

वा, इतक्या लवकर इतकी माहिती! यजमानांची मोटरसायकल राहणारच आहे, त्यामुळे मनवाताईंचा मुद्दा आपोआप सुटला.

एक शंका. सगळे म्हणतात उतरताना बॅटरी परत भरते. मग मी संध्याकाळी घरी येईपर्यंत किती भरेल?

विद्युल्लता_नव्हे_विद्युतमंडळी

हा सगळ्यांचा आवडता गैरसमज आहे. वर चढवलेलं ३०० वॅट-तासांचं भांडवल उतरताना आधी टायर आणि हवा खातात, त्यात दोनशेच्या आसपास संपतं. उरलेल्यातलं काही मोटर पकडते, काही ब्रेकमध्ये जातं. हातात पडून पडून पन्नास-साठ वॅट-तास. दोनेक किलोमीटरची सोय झाली म्हणा.

पण हे रीजन (उतरताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) महत्त्वाचं आहे ते वीज मिळते म्हणून नव्हे, मोटर गाडीला मागे धरून ठेवते म्हणून. आणि इथे घाटवाल्यांनी नीट ऐकावं: बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रीजन चालत नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज ढकलता येत नाही, म्हणून कंट्रोलर ते बंद ठेवतो. मग ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी मोकळी सुटते. घाटाच्या तोंडाशी "न्यूट्रलमध्ये गाडी उतरवू नका" अशी पाटी असते ना, तुमची गाडी त्याच अवस्थेत असते आणि तुम्हाला कल्पना नसते.

ताई, तुम्ही खाली राहता ही चांगली गोष्ट आहे. घरून भरून निघालात की वर पोचेपर्यंत पंचाहत्तर टक्क्यांवर येता आणि उतरताना रीजन हाताशी असतं. शाळेत फुकट प्लग मिळाला तरी तिथे भरू नका. पाचगणीत राहून वाईला नोकरीला येणाऱ्यांनी मात्र रात्री ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं. बऱ्याच गाड्यांच्या ॲपमध्ये ती मर्यादा लावता येते.

तात्या_कृष्णाकाठ

मी वर काय म्हटलं? उतरायची काळजी करा. आता इंजिनिअरसाहेबांनी आकड्यात सांगितलं एवढंच.

गॅरेज_शिरवळ

गॅरेजवाला म्हणून थोडं.

ब्रेक: पुढे डिस्क असलेलीच घ्या. पुढे-मागे दोन्ही ड्रम असलेली स्वस्त मॉडेलं घाटासाठी नकोत. ड्रम तापला की लायनर पकड सोडतो आणि लिव्हर दाबला तरी गाडी थांबेना असं होतं. सतत दाबून ठेवायचं नाही. वळणाच्या आधी चांगला दाबायचा, वेग खाली आणायचा, सोडायचा. पेट्रोल गाडीवर पॅड जेवढे टिकायचे त्या हिशोबात राहू नका. इथे गाडी जड आहे. रीजन वापरलंत तर मात्र उलट, पॅड जास्त टिकतात.

मागच्या चाकात मोटर असली की पंक्चर हा कार्यक्रम होतो. टीव्हीएस आयक्यूबची मोटर चाकात आहे, एथरची मधे असून बेल्टने चाक फिरवते. चाकातल्या मोटरला बेल्ट-चेन काही नाही, म्हणून देखभाल कमी. पण नाक्यावरचा पंक्चरवाला ते चाक खोलायला घाबरतो, वायर तोडली तर काय करणार? ट्यूबलेस टायर असतो म्हणून बहुतेक वेळा चाक न काढता काम होतं. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठा.

चढावर गाडी उभी करताना: पेट्रोल मोटरसायकल आपण गिअरमध्ये टाकून लावतो. इथे गिअरच नाही. साइड स्टँडवर उताराकडे तोंड करून लावली की घसरली. तोंड चढाकडे करा आणि मेन स्टँड लावा. पार्किंग ब्रेक असेल तर वापरा. पाचगणीत सपाट जागा मिळेलच असं नाही.

धुताना प्रेशर पंप लावू देऊ नका. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडली तरी आत पाणी जात नाही, हे बॅटरीपुरतं लिहिलेलं असतं. संपूर्ण गाडीला ते लागू नाही. प्रेशरचं पाणी कनेक्टरमध्ये घुसतं.

नाशिककर_अक्का

सगळे चढ-उतारावर बोलताहेत, मी खिशावर बोलते. बॅटरी संपली की नव्या बॅटरीची किंमत विचारली आहे का कोणी? गाडीच्या किमतीचा मोठा भाग तीच असते. सेकंडहँड बाजारात पेट्रोल गाडी दहा वर्षांनीही विकली जाते, ही पाचव्या वर्षी कोण घेणार?

विद्युल्लता_नव्हे_विद्युतमंडळी

अक्का, मुद्दा रास्त. म्हणूनच वॉरंटीचा कागद नीट वाचायचा. तीन वर्षं किंवा ५०,००० किमी ही जुनी रीत, आता बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन आठ वर्षं किंवा ८०,००० किमीपर्यंत देतात. त्यात "बॅटरी बंद पडली तर" एवढंच आहे की "क्षमता ७० टक्क्यांखाली आली तर" हेही आहे, ते बघा. दुसरं वाक्य नसेल तर वॉरंटी अर्धीच.

ताईंचा वापर रोज पावपट ते तिसरा हिस्सा बॅटरी एवढाच आहे. रोज पूर्ण रिकामी करून पूर्ण भरणाऱ्यापेक्षा ही बॅटरी खूप जास्त वर्षं चालते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या सेलची गाडी मिळाली तर आणखी चांगलं. त्या जरा जड असतात पण जास्त वेळा भरता येतात आणि उष्णतेला जास्त सोसतात.

आगीची भीती कोणी काढायच्या आत: २०२२ च्या उन्हाळ्यातल्या घटनांनंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. म्हणून त्याआधीची सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

मनवा_दापोली

आणि घाट चढून आल्या-आल्या लगेच चार्जिंगला लावायची नाही. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यायची. पायथ्याचीताईंना घाट उतरून यायचंय म्हणून त्यांची बॅटरी तशीही गार असेल :)

अमोल_श्टुटगार्ट

जर्मनीतून लिहितोय. हे शहर वाटीसारख्या खोलगट जागेत आहे. स्टेशन खाली, घरं कडेच्या टेकड्यांवर. कामावर जायला मी ई-सायकल वापरतो, त्यामुळे सायकलला इथे जेवढं नापास केलं गेलं तेवढी ती नापास नाही असं म्हणेन.

फरक मोटर कुठे आहे याचा आहे. इथल्या बहुतेक चांगल्या सायकलींची मोटर पॅडलच्या जागी असते. ती साखळीतून जोर लावते, म्हणून तुम्ही गिअर हलका केला की मोटरलाही चढ हलका होतो. कायदा इथेही २५० वॅट आणि ताशी २५ किमीचाच आहे, पण ते २५० वॅट सलग चालवण्याचे. क्षणभरासाठी मोटर त्याच्या दुप्पट जोर देते. बॉशच्या डोंगरी मोटरला ८५ न्यूटन-मीटर टॉर्क आहे. मुलाला मागे बसवून, पुढे किराणा घेऊन मी १५ टक्क्यांचा चढ पार करतो. चेन आणि मागचे दाते मात्र लवकर झिजतात.

अडचण किमतीची. अशी सायकल तीन हजार युरोच्या पुढे सुरू होते. इथे अनेक कंपन्या पगारातून हप्ता कापून ती भाड्याने देतात म्हणून परवडते. भारतात ही आयात करून घाटात वापरायची तर एका ई-स्कूटरपेक्षा कितीतरी जास्त पैसे आणि सुट्या भागांची वाट बघा.

अवांतर: इथे एक दातेरी रुळांची जुनी ट्राम आहे, तिच्या पुढे सायकली ठेवायचा उघडा डबा असतो. चढताना सायकल त्यात टाकायची आणि उतरताना चालवत यायचं. पसरणी घाटात एसटीच्या टपावर अशी सोय झाली तर धागाच बंद होईल.

सायकलस्वार_बावधन

एसटीच्या टपावर सायकल आमच्या लहानपणी जायचीच की! कंडक्टरला विनंती करायची आणि शिडीवरून वर चढवायची.

पायथ्याचीताई, अमोलरावांशी सहमत. आणि मीही प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या घाटासाठी मी स्वतः सायकल सुचवणार नाही. चढण्यामुळे नाही. धुक्यामुळे. पावसाळ्यात त्या घाटात दहा-पंधरा फुटांपुढचं दिसत नाही, मागून टुरिस्ट गाड्या येतात आणि तुम्ही ताशी १३ किमीने कडेने चालला आहात. कितीही दिवे लावा, मला ते नको वाटतं. वाई गावातली कामं, मेणवली, मुलाचा क्लास यासाठी सायकल फर्स्ट क्लास. पण एकच वाहन घ्यायचं असेल तर उत्तर स्कूटर.

पायथ्याची

यजमानांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. ते तेव्हापासून विजयी चेहऱ्याने फिरताहेत.

धुक्याचा मुद्दा पटला. वर महाबळेश्वरला सहा हजार मिमीच्या आसपास पाऊस, आम्हाला खाली वाईत त्याचा छोटासा वाटा. पण घाटात दोन्हीकडचं धुकं साठतं.

मग आता स्कूटर. टेस्ट राइडला काय बघू? आणि घरच्या कामांचं कोणीच बोललं नाही, दळणाचा डबा कुठे ठेवायचा?

मनवा_दापोली

दळणाचा डबा! याच प्रश्नावर मी माझी गाडी निवडली. शोरूमला जाताना रिकामा डबा घेऊन जा. लाजायचं कारण नाही. पाय ठेवायची जागा सपाट आणि रुंद असेल तरच डबा बसतो. काही मॉडेलांत बॅटरीसाठी मधला भाग उंच केलेला असतो, तिथे डबा डुगडुगतो आणि गुडघे बाहेर काढून बसावं लागतं. पुढे पिशवी अडकवायला मजबूत हूक हवा. सीटखाली हेल्मेट ठेवून वर भाजी मावते का बघा, आणि चार्जर बरोबर न्यायचा असेल तर तो अर्धी डिकी खातो हे ध्यानात ठेवा. गॅसची टाकी मात्र नेऊ नका. भरलेली तीस किलोच्या आसपास जाते आणि वळणावर हँडल अडवते.

गॅरेज_शिरवळ

टेस्ट राइड शोरूमच्या भोवती एक चक्कर अशी देतात. त्याने काही कळत नाही. सांगायचं, "मला घाट चढून दाखवायचाय, डबलसीट." तयार नसतील तर दुसरीकडे जा. चढावर मधेच थांबा आणि परत निघा. गाडी मागे किती सरकते, निघताना झटका देते का बघा. काही गाड्यांत चढावर धरून ठेवायची सोय असते, पण ती जादा पैशाच्या सॉफ्टवेअर पॅकमध्ये असू शकते. विचारून घ्या.

चढताना डिस्प्लेवर मोटर तापल्याची खूण आली किंवा वेग आपोआप घसरला तर ती गाडी घाटाची नाही.

आणि सर्वांत आधी विचारायचं: सर्व्हिस सेंटर कुठे? गाडी विकायला सगळे तालुक्याला येतात, दुरुस्तीला जिल्ह्याला बोलावतात. वाईहून सातारा ३५ किमी. बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून नेण्याचा खर्च कोण करणार, ते लेखी घ्या. माझ्याकडे लोक ई-स्कूटर घेऊन येतात, पण कंपनीच्या कॉम्प्युटरशिवाय आत काय बिघडलंय ते मला दिसत नाही. ब्रेक, टायर, बेअरिंग एवढंच माझ्या हातात.

विद्युल्लता_नव्हे_विद्युतमंडळी

पैशाचं थोडक्यात. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून दर युनिट बॅटरीमागे ५,००० रुपये होते, एप्रिल २०२५ पासून ते २,५०० झाले. फेम या केंद्राच्या आधीच्या अनुदान योजनेच्या काळातले मोठे आकडे जुन्या व्हिडिओंत ऐकून जाऊ नका. अनुदान चालू असेल तर ते तुम्हाला मागून मिळत नाही, बिलातच वजा झालेलं असतं. कोटेशन सुटं मागा: मूळ किंमत, अनुदान वजा, विमा, नोंदणी, आणि "हँडलिंग" नावाचं जे काही लावतात ते. चार्जर किमतीत धरलाय ना हेही विचारा. चार्जर वेगळा विकल्यामुळे २०२३ मध्ये काही बड्या कंपन्यांना ग्राहकांचे पैसे परत करावे लागले होते.

विजेचं बिल: रोज एक युनिट म्हणजे महिन्याला पंचवीस-तीस. आकडा छोटा आहे, पण तुमचं घर आत्ता १०० युनिटच्या काठावर असेल तर या तीसमुळे वरच्या स्लॅबमध्ये जाल आणि वरची युनिटं महाग पडतील. तरीही पेट्रोलच्या पासंगाला पुरणार नाही.

आणि पडवीतला प्लग! जुना वाडा आहे म्हणता, तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, गाडी बुक करायच्या आधी. १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी. पावसाचे शिंतोडे येत असतील तर झाकणाचा बॉक्स. एक्स्टेन्शन बोर्ड लावून रात्रभर चार्जिंग कदापि नको.

तात्या_कृष्णाकाठ

आमच्याकडं वायरमन गणपतीच्या आधी गाठा, नंतर मांडवांच्या लाइटिंगमधून सुटत न्हाई.

पायथ्याची

शनिवारी दोन गाड्या चालवून आले, दोन्ही डबलसीट, यजमान मागे. एका शोरूमने घाटात न्यायला चक्क नाही म्हटलं, तिथून चहा न घेता निघालो.

पहिली गाडी चढायला जोरदार, पण मधला भाग उंच, डबा बसेना. (हो, डबा नेला होता. सेल्समनने त्यावर काहीही भाष्य केलं नाही, शहाणा मुलगा.) दुसरी चढताना थोडी संथ, ताशी चाळीसच्या पुढे जाईना, पण वेग घसरला नाही आणि तापल्याची खूणही आली नाही. पुढे डिस्क, सपाट पायजागा, रीजनच्या दोन पायऱ्या. उतरताना जास्तीची पायरी लावली तर सरळ उतारावर ब्रेकला हात न लावता येता येतं, फक्त वळणांवर लागतो. वर मधेच थांबून निघायला मला जरा अवघड गेलं, पण ते सवयीने जमेल असं वाटतं.

सर्व्हिस साताऱ्यात, पण महिन्यातून ठरलेल्या दिवशी त्यांचा माणूस वाईत येतो असं म्हणाले. लेखी मागितल्यावर "साहेबांना विचारून सांगतो" झालंय.

वायरमन सांगून गेला की पडवीच्या प्लगला अर्थिंग नावाची वायरच नाही.

गॅरेज_शिरवळ

लेखी येईपर्यंत बुकिंगचे पैसे देऊ नका. महिनाअखेरीला त्यांना टार्गेट असतं, तेव्हा परत जा. दुसरी गाडी योग्य वाटते. घाटात चाळीसच्या पुढे जायचंच कशाला?

सायकलस्वार_बावधन

स्कूटर आली की गावातल्या कामांसाठी साधी गिअरची सायकल घ्या, बिनमोटरची. वाई गाव सपाटच आहे की.

नाशिककर_अक्का

जुनी स्कूटर एक्स्चेंजला देऊ नका, फार पाडून मागतात. बाहेर विका.

खंडाळ्याचा_नवा

छान धागा. मीही अशाच शोधात आहे. लोणावळा ते खोपोली रोज, बोरघाटातून जुन्या रस्त्याने. आम्ही दोघं नवरा-बायको एकाच कंपनीत, म्हणजे कायम डबलसीट. राहतो वर, नोकरी खाली. आमच्यासाठी काय बदलेल?

विद्युल्लता_नव्हे_विद्युतमंडळी

तुमचं सगळं उलटं आहे: सकाळी भरलेल्या बॅटरीने उतार, संध्याकाळी अर्धवट बॅटरीने डबलसीट चढ. चार्जिंग ८५ टक्क्यांवर थांबवायचं, पुढे डिस्क हवीच, आणि बॅटरी ताईंच्यापेक्षा मोठी. दोघांचं मिळून वजन किती ते लिहा, हिशोब करून देतो.